नदीकाठच्या गावात इतिहासाचा फलक लावायचा आहे? वाईच्या वाटेने एकेक पायरी

वाईचा ढोल्या गणपती समोरून सगळेच पाहतात. मागून पाहणारे फार थोडे. मंदिराची मागची भिंत सरळ नाही, माशासारखी आहे, टोकाला निमुळती होत गेलेली. कृष्णेच्या पुराचं पाणी त्या टोकावर दुभंगावं आणि दोन्ही अंगांनी निघून जावं, यासाठी केलेली ही योजना. मंदिर १७६२ चं. म्हणजे अडीचशेहून जास्त पावसाळे या भिंतीने काढले. दर्शन घेऊन, प्रसाद घेऊन, पाचगणीची वाट धरणाऱ्या माणसाला चार पावलं मागे वळवणं हे माहितीफलकाचं काम. ते जमलं तर फलक चांगला, नाहीतर तो नुसता पत्रा.

हा लेख असे फलक लावू पाहणाऱ्यांसाठी आहे: गावातलं मंडळ, शाळेतले शिक्षक, ग्रामपंचायतीचे उत्साही सदस्य, कुणीही. उदाहरणं वाई आणि आसपासची घेतली आहेत, कारण एवढ्याशा खोऱ्यात इतक्या तऱ्हेच्या खुणा सहसा एकत्र सापडत नाहीत. तुमचं गाव गोदाकाठी असो की वाशिष्ठीच्या, पायऱ्या त्याच.

आधी चाला, फलकाचा विचार नंतर

पहिले पंधरा दिवस फलक हा शब्दही काढू नका. नदीच्या वरच्या अंगाने सुरुवात करून खालच्या अंगापर्यंत दोन्ही काठ पायी पालथे घाला. फेब्रुवारी ते मे हे दिवस बरे. पाणी उतरलेलं असतं, घाटाच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, गवत वाळलेलं असतं. वाईत हे करायचं तर आळ्यांच्या हिशेबाने करा: भीमकुंड, मधली आळी, धर्मपुरी, गणपती आळी, ब्राह्मणशाही, रामडोह, गंगापुरी. कृष्णाबाईचा उत्सव आळीआळीने होतो, त्यामुळे गावाची आठवणही आळीवार साठलेली असते. वर धोमपर्यंत गेलात तर नृसिंहाचं मंदिर आणि कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी बघून या. त्याच्यासाठी फलक लागतो की नाही हे तिथे पाच मिनिटं उभं राहून ठरवा. काही जागा इतक्या बोलक्या असतात की फलकाने त्यांचा फोटोच बिघडतो.

सोबत वही, पेन्सिल, मोजपट्टी, टॉर्च, रंगाऱ्याचा मऊ ब्रश, पाण्याची बाटली आणि हातात मावेल एवढा आरसा ठेवा. आरशाचं कारण पुढे येईल. तारेचा ब्रश, खडू, तेल आणि चुना मात्र घरीच राहू द्या. अक्षरं उठून दिसावीत म्हणून कोरीव दगडावर खडू फिरवणारी, तेल ओतणारी उत्साही मंडळी मी पाहिली आहेत. त्यांचा फोटो छान येतो आणि दगडाचं कायमचं नुकसान होतं.

पाहायचं कुठे? देवळाच्या आवारात तर पाहालच. पण पाराच्या कडेला, विहिरीच्या थारोळ्यात, तुळशीवृंदावनाखाली, वेशीच्या भिंतीत, रस्त्याच्या मोरीत आणि घाटावरच्या धुण्याच्या दगडांत जास्त बारकाईने पाहा. जुना दगड वाया घालवायचा नाही ही गावाची जुनी सवय. पालथा घातलेला वीरगळ, म्हणजे वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, पिढ्यान्‌पिढ्या धुणं सोसत पडलेला असतो आणि वरून तो साधी फरशी दिसतो.

दगड ओळखायला शिका

इथे घाई करू नका, कारण पुढची सगळी माहिती या एका ओळखीवर उभी राहते.

वीरगळ म्हणजे लढताना मेलेल्या माणसाचं स्मारक. तो खालून वर वाचायचा. सगळ्यात खालच्या कप्प्यात वीर पडलेला किंवा लढताना दिसतो. त्याच्या वरच्या कप्प्यात अप्सरा त्याला घेऊन निघालेल्या असतात, त्याच्याही वर तो शिवलिंगाची पूजा करत बसलेला असतो, आणि माथ्यावर कलश किंवा चंद्रसूर्य. खालच्या कप्प्यात गाई असतील तर तो गुरं पळवणाऱ्यांशी लढताना गेला, होडी असेल तर पाण्यावरच्या लढाईत, वाघ असेल तर शिकारीत किंवा वाघाच्या हल्ल्यात. नाव बहुतेक वेळा नसतंच. वाई तालुक्यात किकली नावाचं गाव आहे. तिथे भैरवनाथाच्या देवळापाशी वीरगळांची मोठी संख्या एकत्र पाहायला मिळते. पहिल्यांदा शिकायला त्याहून चांगली शाळा नाही. एक दिवस तिथे काढा आणि प्रत्येक दगडाचा फक्त खालचा कप्पा वहीत उतरवा. दहाव्या दगडापर्यंत डोळे तयार होतात.

सतीशिळेवर कोपरात काटकोनात वळलेला, बांगड्या भरलेला हात असतो, शेजारी चंद्रसूर्य. कधी हा हात वीरगळावरच एका बाजूला असतो. मग ती दोघांची एकत्र आठवण.

गद्धेगळ पाहून माणसं गप्प होतात किंवा हसतात. वर चंद्रसूर्य, मध्ये दानाचा लेख, खाली गाढव आणि स्त्री. शिलाहार आणि यादव काळात राजाने दिलेलं दान कुणी मोडू नये म्हणून दगडावरच कोरलेली ही शिवी. अलिबागजवळच्या अक्षीच्या लेखावर शके ९३४ म्हणजे इसवी सन १०१२ हा काळ आहे, आणि मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. गद्धेगळाच्या फलकावर काय लिहायचं हा प्रश्न मंडळात हमखास निघतो. माझं मत: आडपडदा न ठेवता, पण एकाच वाक्यात लिहावं. 'हे दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी या चित्रात कोरली आहे.' पोरं समजायचं ते समजतात. गाय-वासरू कोरलेला दगड, धेनुगळ, हाही दानाचाच. तिथे शिवीऐवजी पुण्याची आठवण.

आता अलीकडच्या खुणा. इंग्रजी अमदानीतले मैलाचे दगड रस्ता रुंद होताना सगळ्यात आधी जातात, म्हणून त्यांची नोंद सगळ्यात आधी करा. जुन्या पुलांवर, देवळांच्या जोत्यावर मोजणी खात्याची खूण कोरलेली सापडते: आडवी रेघ आणि तिच्याकडे टोक केलेला बाण. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा तो ठरलेला बिंदू. आणि पुराच्या खुणा. एखाद्या भिंतीवर नुसती रेघ आणि साल असतं. नदीकाठच्या गावात मला ही खूण राजाच्या शिलालेखाइतकीच मोलाची वाटते, कारण ती घरातल्या म्हाताऱ्याने ओल्या भिंतीकडे बघून ओढलेली असते.

नोंद आणि फोटो

प्रत्येक दगडाला क्रमांक द्या. लांबी, रुंदी, जाडी, दगडाचा प्रकार, तोंड कुठल्या दिशेला, किती भाग जमिनीत गाडलेला, शेंदूर किंवा रंग आहे का, फोनवर दिसणारे अक्षांश-रेखांश, आणि ही माहिती कुणी सांगितली, एवढं तरी वहीत हवं. शेंदूर खरवडू नका. तो देव आहे. तुमच्यासाठी नसला तरी कुणासाठी तरी आहेच.

फोटो दुपारी बारा वाजता काढाल तर दगड सपाट दिसेल. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर, तिरप्या उन्हात काढा, म्हणजे झिजलेल्या रेघांना सावली येते. दगड सावलीत असेल तर आरशाने ऊन बाजूने त्याच्यावर पाडा. तेही जमत नसेल तर रात्री जा आणि टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून डावीकडून, उजवीकडून, वरून, असे चार फोटो घ्या. दिवसा न दिसलेली अख्खी ओळ रात्री उगवते, हे अनेकदा अनुभवलं आहे. मोजपट्टी चौकटीत ठेवायला विसरू नका. कागद चिकटवून शाईने ठसा घेणं हे काम मात्र शिकलेल्या माणसाचं आहे. ते त्याच्यावर सोपवा.

साल काढणं: सगळ्यात जास्त चुका इथे

दगडावर बहुधा शक असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे शाळेत शिकलेलो असतो आणि तिथेच फसतो. शकाचं वर्ष गुढीपाडव्याला सुरू होतं. त्यामुळे पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तिथीला ७८ आणि जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंतच्या तिथीला ७९ मिळवायचे. शिवजन्माची तिथी घ्या: फाल्गुन वद्य ३, शके १५५१. फाल्गुन म्हणजे वर्षाचा शेवट, म्हणून १५५१ अधिक ७९, १६३०. १९ फेब्रुवारी १६३०. इथे ७८ मिळवले तर महाराज एक वर्ष आधी जन्मतात. आम्ही पहिल्या फलकावर नेमका हाच घोटाळा केला होता. दगडावर माघ महिना, आणि आम्ही बिनदिक्कत ७८ मिळवलेले. उद्घाटनाचे पेढे वाटून झाल्यावर एका निवृत्त गुरुजींनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं. फलक वर्षभर तसाच राहिला, कारण नव्याचे पैसे नव्हते.

महिना नसेल तर फलकावर '१७६२-६३' असं जोडसाल लिहा. त्यात कमीपणा काही नाही.

संवत्सराचं, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या वर्षाचं, नाव असेल तर हिशेब तपासता येतो. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तो पहिल्या संवत्सरापासूनचा, म्हणजे प्रभवापासूनचा, क्रमांक. शके १५९६ अधिक १२ म्हणजे १६०८. ६० ने भागून बाकी ४८. अठ्ठेचाळीसावा संवत्सर आनंद. राज्याभिषेक आनंदनाम संवत्सरातच झाला, ज्येष्ठ शुद्ध १३ ला. प्रतापगडचा प्रसंग, १० नोव्हेंबर १६५९, शके १५८१: १५९३ ला ६० ने भागून बाकी ३३, विकारी. तेही जुळतं. बाकी शून्य आली तर साठावा, क्षय. झिजलेल्या दगडावर १ आणि ९ यांत गोंधळ होतो, तेव्हा हा ताळा फार कामाला येतो. एकाच वर्षाचा फरक पडला तर लगेच दगड चुकला म्हणू नका. जुन्या लेखांत सरलेलं वर्ष मोजायचं की चालू, याच्या दोन रीती होत्या.

मराठेशाहीच्या कागदांत आणि काही दगडांवर राज्याभिषेक शक येतो. त्याचं पहिलं वर्ष १६७४ च्या ज्येष्ठात सुरू झालं, म्हणून त्यात १६७३ किंवा १६७४ मिळवायचे. आणि सुहूर सन अरबी शब्दांत असतो: 'सलास सितैन मया व अलफ' म्हणजे तीन, साठ, शंभर आणि हजार, ११६३. सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवा. हे वर्ष मृगाच्या सुमारास बदलतं. ११६३ म्हणजे १७६२-६३. हिजरी सन चांद्र आहे, तिथे नुसत्या बेरजेने भागत नाही, कोष्टक किंवा जाणकार पाहिजे. फारसी लेखाचं वाचनही जाणकाराकडूनच करून घ्या, गावातल्या कुणी 'मला थोडं येतं' म्हटलं तरी.

तीन वह्या

एव्हाना माहितीचा ढीग झालेला असतो. तो तीन वह्यांत वाटा. पहिलीत डोळ्यांना दिसतं ते. दुसरीत कागदात, कोरीव लेखात, गॅझेटियरमध्ये नोंदलेलं ते. तिसरीत लोक सांगतात ते. फलकाचा मजकूर करताना कुठलं वाक्य कुठल्या वहीतलं हे विचारत राहायचं. या तिन्हींची सरमिसळ हाच आपल्याकडच्या बहुतेक फलकांचा मूळ दोष आहे.

दुसऱ्या वहीसाठी सुरुवात १८८५ च्या सातारा जिल्हा गॅझेटियरपासून करा. सरदार रास्त्यांनी कुठलं देऊळ कधी बांधलं याची सालं तिथे आहेत. काशीविश्वेश्वर १७५७, आनंदराव भिकाजी रास्ते. ढोल्या गणपती १७६२, गणपतराव भिकाजी रास्ते. पुढे पुण्याचं पुराभिलेखागार, भारत इतिहास संशोधक मंडळ. मोडी वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याशी मैत्री करा. वाईकरांना तर घरचा आधार आहे: प्राज्ञपाठशाळा इथली, आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचं काम इथेच बसून उभं केलं. ज्या गावात विश्वकोश झाला तिथल्या फलकावर शुद्धलेखनाच्या चुका दिसू नयेत, एवढी माफक अपेक्षा आहे.

तिसऱ्या वहीसाठी माणसांशी बोला, आणि दगडाचं नाव स्वतः आधी सांगू नका. 'आजी, हा वीरगळ ना?' असं विचारलंत तर आजी 'व्हय' म्हणणार आणि तुम्हाला काहीच कळणार नाही. 'आजी, ह्या दगडाला तुम्ही काय म्हणता?' असं विचारा. मग ऐकायला मिळतं: 'त्यो व्हय? त्यो आमचा म्हसोबा. पोरगं रडाया लागलं की त्याला तेल घालायचं.' हे उत्तर चूक नाही. वीराचा म्हसोबा कधी झाला हाही त्या दगडाचा इतिहासच.

वाई म्हणजे महाभारतातली विराटनगरी, असं लोक सांगतात. वैराटगड आणि पांडवगड ही शेजारच्या गडांची नावंही तीच आठवण धरून आहेत. ही तिसऱ्या वहीतली गोष्ट आहे, आणि राजस्थानातलं विराटनगरही तोच मान सांगतं. फलकावर ती घ्यायची का? जरूर घ्यायची. फक्त वाक्य 'येथे पांडव राहिले' असं नको, 'पांडव अज्ञातवासात येथे राहिले अशी परंपरा आहे' असं हवं. कृष्णाबाईच्या उत्सवाचा उगम अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी बोललेल्या नवसाशी जोडतात. तिथेही हेच. खान वाईचा सुभेदार होता ही नोंद, नवस ही परंपरा. दोन्ही शेजारी ठेवा, एकमेकांत कालवू नका.

मजकूर: फार तर नव्वद शब्द, त्याहून एकही जास्त नाही

उभा राहून माणूस अर्धा मिनिट वाचतो. पोरं सोबत असतील तर तेवढंही नाही. तरी बहुतेक फलक कसे असतात? 'ऐतिहासिक, सांस्कृतिक व धार्मिक वारसा लाभलेल्या या पावन भूमीत...' इथपर्यंत येऊन माणूस गाडीत बसलेला असतो.

माझी पद्धत अशी. पहिल्या वाक्यात कोण, काय, कधी. दुसऱ्या वाक्यात वाचणाऱ्याला काहीतरी बघायला लावायचं. मग कारण. शेवटी जागा उरली तर नाव कसं पडलं. ढोल्या गणपतीसाठी मी असं लिहीन:

'हे मंदिर सरदार गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधले. आता मंदिराच्या मागे जा. मागची भिंत सरळ नाही. ती माशासारखी असून टोकाला निमुळती होते. कृष्णेला पूर आला की पाणी या टोकावर दुभंगावे आणि दोन्ही बाजूंनी निघून जावे, यासाठी ही रचना आहे. आतील गणेशमूर्ती एकाच दगडातून घडवलेली आहे. तिच्या भव्य अंगलटीमुळे लोक या देवाला ढोल्या गणपती म्हणतात.'

पन्नास-साठ शब्द झाले. 'भव्य'सुद्धा काढावा का, यावर माझं अजून ठरत नाही.

दुसरं उदाहरण मेणवलीचं. वाईपासून तीनेक किलोमीटरवर नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट. सिनेमातलं गाव म्हणून माणसं येतात, पायऱ्यांवर फोटो काढतात, आणि मेणेश्वराजवळच्या छोट्या दगडी छत्रीतली घंटा वाजवून जातात. तिच्यावर काय आहे हे कुणी वाकून पाहत नाही. मजकूर:

'घंटा वाजवण्यापूर्वी तिच्याकडे नीट पाहा. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत, आणि १७०७ हे साल. ही घंटा चर्चसाठी ओतलेली आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई जिंकली, त्या मोहिमेतून ती मराठ्यांच्या हाती आली. शिवाच्या देवळापाशी ती आजही घंटाच आहे.'

शेवटचं वाक्य मंडळात वादाचं होईल. कुणाला ते फार वाटेल, कुणाला कमी. वाद होऊ द्या, पण मजकूर छापण्याआधी. छापल्यावर वाद घालणं महागात पडतं. मजकूर तयार झाला की तीन माणसांना वाचायला द्या: एक इतिहास जाणणारा, एक शुद्धलेखनाचा काटेकोर, आणि एक सातवीतली मुलगी. मुलीला जे वाक्य दोनदा वाचावं लागलं ते बदला. लोहाऱ्याच्या लेण्यांसारखी जागा असेल, मूळ बौद्ध आणि आज पालपेश्वर म्हणून पुजली जाणारी, तर दोन्ही गोष्टी सारख्याच आदराने आणि सारख्याच आकाराच्या अक्षरांत लिहा.

मराठी आधी आणि मोठी, दुसरी भाषा खाली. क्यूआर कोड लावा हवा तर, पण तो मजकुराची जागा घेऊ शकत नाही. घाटात रेंज जाते, आणि दोन वर्षांनी त्या पत्त्यावर काहीच उरलेलं नसतं.

आणि देणगीदार, मार्गदर्शक, प्रमुख उपस्थिती. सगळी नावं तळाशी, एका ओळीत, सगळ्यात लहान अक्षरांत. हे आधी बैठकीत ठरवून इतिवृत्तात लिहून घ्या. नंतर कुणाला सांगण्याची हिंमत होत नाही.

जागा ठरवताना पाणी आणि रस्ता

फलक वाचणाऱ्याला फलक आणि वास्तू एकाच नजरेत दिसायला हव्यात. सूर्य त्याच्या डोळ्यांत येता कामा नये. दिवसभर उन्हात तापणारा दक्षिणमुखी फलक लवकर विटतो. उत्तरेकडे तोंड केलेला जास्त टिकतो. खुद्द वास्तूच्या भिंतीला भोकं पाडून फलक ठोकणं सर्वस्वी वर्ज्य.

नदीकाठी आणखी एक प्रश्न. जलसंपदा खात्याने पूररेषा आखलेल्या असतात: निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. घाटावरचा फलक निळ्या रेषेच्या आत येणारच, त्याला इलाज नाही. पण मग तो पाण्यात बुडणार हे धरूनच बनवा. मोठा सपाट पत्रा प्रवाहाला आडवा लावाल तर तो पाण्याचा रेटा आणि वाहून आलेली जलपर्णी, फांद्या सगळं अडवील आणि खांबासकट जाईल. फलकाची कड प्रवाहाकडे करा, किंवा मजकूर थेट बसक्या दगडावर कोरा. धरणातून पाणी सोडलं की नदी किती वर येते हे घाटावर रोज येणाऱ्या माणसाला विचारा. तो बोट ठेवून पायरी दाखवील.

रस्त्याकडेचा हिशेब वेगळा. वाईतून पसरणीच्या घाटाकडे जाणारी गाडी फलक वाचायला थांबत नाही. चालत्या गाडीसाठी फक्त नाव, बाण आणि अंतर. बाकी सगळा मजकूर गाडी लावून माणूस पायी चालू लागतो तिथे. वळणावर, पुलाच्या तोंडाशी, झेब्रा पट्ट्यांजवळ फलक नको. वाचत वाचत माणूस एक पाऊल मागे सरकतो, ते पाऊल रस्त्यावर पडता कामा नये.

परवानगी

हे कंटाळवाणं आहे, पण आधी करा. जागा कुणाची हे भूमी अभिलेखाच्या नकाशावरून काढा: नगरपरिषद, ग्रामपंचायत, देवस्थान, सार्वजनिक बांधकाम विभाग की जलसंपदा. त्यांचं लेखी पत्र घ्या, तोंडी 'लावा की' यावर जाऊ नका. वास्तू केंद्राच्या किंवा राज्याच्या संरक्षित स्मारकांच्या यादीत आहे का ते पाहा. केंद्रीय स्मारक असेल तर १९५८ च्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीप्रमाणे पहिले १०० मीटर बांधकामाला बंद आणि त्यापुढचे २०० मीटर परवानगीने. खांबासाठी खड्डा घ्यायचा असला तरी आधी पुरातत्त्व खात्याला विचारा. खड्ड्यात नाणी किंवा मूर्ती निघाली तर काम थांबवा आणि महसूल कार्यालयाला कळवा. १८७८ चा निखात निधीचा, म्हणजे पुरलेल्या धनाचा, कायदा आजही लागू आहे. आणि रस्त्यातला वीरगळ 'सुरक्षित राहील' म्हणून उचलून परस्पर दुसरीकडे नेऊन ठेवू नका. जागेवरून हलला की त्याची निम्मी साक्ष गेली.

कशाचा बनवायचा

फ्लेक्स नको. एका उन्हाळ्यात भुरकट होतो आणि दुसऱ्या पावसाळ्यात कुणाच्या तरी गोठ्यावर जातो. विनाइल चिकटवलेला ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा स्वस्त पडतो, तीनेक वर्षं जातात, मग कडा सुटतात. पैसे असतील तर कोरून रंग भरलेलं स्टेनलेस स्टील किंवा भट्टीत पक्कं केलेलं इनॅमल. पॉलिश केलेला काळा ग्रॅनाइट आपल्याकडे फार आवडतो, पण दुपारी त्यात इतिहासाऐवजी स्वतःचा चेहराच दिसतो. त्यापेक्षा घासून मंद केलेला काळा दगड घ्या. आपल्या बेसाल्टवर पाथरवटाने खोल कोरलेली अक्षरं रंग उडाला तरी वाचता येतात, पूर येऊन गेला तरी.

अक्षरांचा आकार संगणकावर ठरवू नका. दीड मीटरवरून वाचायचं तर मुख्य मजकुराचं अक्षर शिरोरेषेपासून तळापर्यंत किमान एक सेंटिमीटर हवं. देवनागरीत वरखाली मात्रा-उकार येतात, जोडाक्षरं येतात, म्हणून ओळींत हवा सोडा. दोन ओळी खऱ्या मापात कागदावर छापून भिंतीला चिकटवा आणि आजोबांना चष्म्याशिवाय वाचायला सांगा. तिरप्या टेबलासारखा फलक ८०-९० सेंटिमीटर उंचीवर असेल तर मुलांना आणि चाकाच्या खुर्चीतल्या माणसालाही वाचता येतो. उभा असेल तर मजकुराचा मध्य १४० सेंटिमीटरच्या आसपास ठेवा. खांब लोखंडाचे असतील तर ते भंगारात जाऊ शकतात हे गृहीत धरा. स्क्रूऐवजी रिबीट मारा, पाया काँक्रिटचा करा. काळी माती असेल तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया पक्क्या मुरमापर्यंत न्या, नाहीतर दोन वर्षांत फलक वाकून नमस्कार करायला लागतो.

कारखान्यात देण्याआधी अंतिम मजकूर कागदावर छापून त्यावर तिघांच्या सह्या घ्या, आणि छपाईवाल्याला टाइप करायला देऊ नका. तयार फाइल द्या. फॉन्ट बदलताना 'र्‍या' आणि 'ऱ्य' फुटतात, अनुस्वार उडतात. फलक गाडीत चढवण्याआधी तिथेच उभे राहून मोठ्याने वाचा.

लावून झाल्यावर

दर फलकामागे एका माणसाचं नाव वहीत लिहा. शक्यतो समोरच्या दुकानदाराचं किंवा गुरवाचं, कारण तो रोज तिथे असतो. पावसाळा संपला, की दसरा ते दिवाळीच्या मधल्या एखाद्या रविवारी बादल्या, फडकी आणि मऊ ब्रश घेऊन जा. घाटावरच्या फलकावर गाळाचा थर वाळून घट्ट व्हायच्या आत धुतला तर नुसत्या पाण्याने निघतो. पाणी कुठवर आलं होतं ती रेघ तेव्हा खांबावर स्पष्ट दिसते. ती मोजा, आणि सालासकट वहीत लिहून ठेवा.